शुद्धीवरचा एक माणूस

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांशी घरात गोडाबद्दल रोज बोललं जातं, दारूबद्दल कधीच नाही. विषय काढला तर परवानगी दिल्यासारखं होईल, असं आईवडिलांना वाटतं. न पिणं सगळ्यांत सुरक्षित, याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. पण मुलं मोठी होतात, होस्टेलवर जातात, मित्रांबरोबर 'बसतात'. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी आमच्यासारखी टाइप वन असलेली मुलं होस्टेलच्या वयापर्यंत सहसा पोचतच नसत. दारूचं काय, हा प्रश्न पडतो, कारण आम्ही जगतो. म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

दारूने साखर वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. बियरने किंवा कोल्ड्रिंक घातलेल्या रमने सुरुवातीला ती वाढतेही. धोका त्यानंतर येतो. आपण झोपतो तेव्हा यकृत रक्तात थोडी थोडी साखर सोडत असतं, काही साठ्यातली, काही नव्याने तयार केलेली. दारू पोटात गेली की यकृत तिचा निचरा करण्यात गुंततं आणि नवी साखर बनवणं मंदावतं. ज्याला मधुमेह नाही, त्याचं शरीर अशा वेळी स्वतःचं इन्सुलिन आवरतं घेतं. टोचून घेतलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. ते रात्रभर आपलं काम करत राहतं.

किती वेळ, याचा अंदाज बांधता येतो. तीस मिलीच्या पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल असतं आणि तेवढं संपवायला यकृताला साधारण एक तास लागतो. आठ टक्क्यांच्या स्ट्रॉंग बियरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे असे चार पेग. त्यामुळे साखर उतरते ती पहाटे, कधी दुसऱ्या दिवशी सकाळीही. पार्टीत नाचणं झालं असेल तर आणखी. चखण्यातल्या शेंगदाण्यांवर भागत नाही. पोळी किंवा भात पोटात हवा. झोपताना साखर पाहायची, गरजेप्रमाणे काहीतरी खायचं आणि ती जास्त दिसली तरी इन्सुलिन टोचून घाईने खाली आणायची नाही. रोजचं बेसल, म्हणजे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन, मात्र चुकवायचं नाही. आपला डोस कसा बदलायचा, हे डॉक्टरांना मोकळेपणी आधीच विचारून ठेवावं.

तरीही एक गोष्ट एकट्याच्या हातात राहत नाही. साखर सत्तरच्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात. आणखी उतरली की जीभ जड होते, तोल जातो. हीच लक्षणं प्यायलेल्या माणसाची. तोंडाला वास येत असला की 'चढलीय, झोपू दे' म्हणून पांघरूण घातलं जातं. साखर मोजणाऱ्या सेन्सरचा अलार्म वाजतो, पण ज्याच्यासाठी वाजतो त्याला जाग येत नाही. म्हणून त्या रात्री सोबत शुद्धीवरचा एक माणूस हवा. त्याला आधीच सांगून ठेवायचं: मी विचित्र वागलो तर पहिल्यांदा बोटाला सुई टोचून साखर बघ. कमी असेल आणि मी गिळू शकत असेन तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून दे, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघ. बेशुद्ध असेन तर तोंडात काही घालू नकोस. कुशीवर वळव, १०८ला फोन कर, टाइप वन आहे आणि दारू घेतली आहे, दोन्ही सांग. ग्लुकॅगॉनच्या इंजेक्शनवर विसंबू नकोस, कारण ते यकृतातला साठा बाहेर काढतं आणि त्या रात्री त्याचा परिणाम अपुरा पडू शकतो.

अडचण इथेच आहे. आमच्याकडे हा आजार लपवण्याची सवय लागते. लग्न जमायचं आहे, ऑफिसात कळायला नको, म्हणून कित्येक जण बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन घेतात. दारू घरापासून लपवायची, मधुमेह मित्रांपासून. मग त्या रात्री मुलाबद्दल सगळं ठाऊक असलेलं कुणीच त्याच्या जवळ नसतं. माझ्या मते दारूइतकाच धोका या लपवाछपवीत आहे.

आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नाराजी जरूर सांगा, पण तिच्यासोबत ही माहितीही द्या. आणि मुलाच्या एका तरी मित्राला घरी जेवायला बोलवून साखर कशी तपासायची ते शिकवा.