चमचाभर जागा

दडपण हा विषय सरकारी नोकरांस कोणी शिकवावा लागत नाही. मार्च महिना, तपासणीचे पथक, 'तातडीचे' असा शिक्का घेऊन आलेले पत्र आणि बदल्यांची यादी यांनी तो आपणां सर्वांस तोंडपाठ करून दिलेला आहे. परंतु दडपणाचेही एक शास्त्र असते, त्याचे माप असते आणि त्याला एक मर्यादा असते, ही गोष्ट आम्हांस रायपुरात आल्यावर एका मोटारगाडीच्या निमित्ताने कळली. आम्ही पदवीधर खरे, पण कला शाखेचे. यंत्राशी आमचा संबंध कचेरीतल्या संगणकाच्या कळा बडविण्यापुरता. तेव्हा पुढील विवेचन जाणकारांनी उदार मनाने वाचावे.

गाडी आमची नव्हे, वडिलांची. १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती घडली. तिचे मूळ घराणे इटलीचे, १९५३ सालच्या फियाट अकराशेचे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतून तिची जात ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमच्याकडे मात्र ती मुदतवाढीवर आहे. आमची बदली इकडे झाली तेव्हा वडिलांनी किल्ली आमच्या हातावर ठेवली आणि म्हटले, "मला आता रात्रीचे दिसत नाही. नागपूर काही लांब नाही. गाडी असली की निघावेसे वाटते." तीनशे किलोमीटरांच्या आतला हा रस्ता. राजनांदगाव, देवरी, भंडारा ही गावे मागे टाकीत ती आम्हांस अनेकदा घरी घेऊन गेली आहे.

फाफाडीहकडचे एक वृद्ध मिस्त्री तिचे नाडीपरीक्षक आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एक सूचना केली, "बाबूसाहेब, आजकल तेल अच्छा आ रहा है. हेड थोड़ा घिसवा लो, गाड़ी जवान हो जाएगी." गाडी घासून तरुण कशी होते, हे कुतूहल आम्हांस पुस्तकांकडे घेऊन गेले.

इंजिनाच्या सिलिंडरात दट्ट्या खाली-वर होतो. तो तळाशी असताना वर जेवढी जागा असते आणि तो माथ्याशी पोचल्यावर जेवढी उरते, त्यांच्या प्रमाणास संपीडन-गुणोत्तर म्हणतात. आमच्या गाडीचे चार सिलिंडर मिळून १०८९ घनसेंटिमीटर होतात. म्हणजे एकेकाच्या वाट्याला २७२. समजा, माथ्याशी ३९ घनसेंटिमीटर जागा उरली, तर हे प्रमाण आठास एक येते. ३४ उरली, तर नवास एक. फरक अवघा पाच घनसेंटिमीटरांचा, म्हणजे चहाच्या एका चमच्याचा! हेड सुमारे दीड मिलिमीटर घासले की हा चमचा नाहीसा होतो. कचेरीत चमच्यामुळे माणसाची गती वाढते हे आम्ही पाहिले होते. इंजिनात तो काढून टाकल्याने वाढते, हे नवीन होते.

वाढते ती कशी? जेवढे अधिक दाबावे, तेवढा ज्वाळेचा वायू पुढे अधिक प्रसरण पावतो आणि तेवढे अधिक काम देऊन जातो. पुस्तकी हिशेबाने आठाच्या प्रमाणास उष्णतेचा ५६.५ टक्के भाग कामी येतो, दहास ६०.२ आणि चौदास ६५.२. प्रत्यक्षात यातले पुष्कळसे रेडिएटर आणि धुराडे खाऊन टाकतात. पण चढण खरी आहे. मात्र प्रत्येक पुढच्या पायरीला लाभ कमी होत जातो आणि धोका वाढत जातो, हेही त्याच आकड्यांत लिहिलेले आहे.

धोका असा की दाबलेली हवा तापते. हिवाळ्यातील १५ अंशांची हवा दहापट दाबली, तर हिशेबाने ती ४५० अंशांवर जाते. आमच्या रायपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांची हवा ५२५ च्या पुढे. दाराबाहेर तीस अंशांचा फरक, तो आत पंचाहत्तरांचा होतो. इंधन कच्चे असेल, तर ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण स्वतःहून भडकते आणि धातूवर कोणी हातोडी मारावी तसा टकटक आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. हे भडकणे सहन करण्याची इंधनाची जी शक्ती, तिचा आकडा म्हणजे ऑक्टेन.

वेगवान गाड्यांचा सारा इतिहास म्हणजे या टकटकीशी चाललेला व्यवहार आहे. १९६१ सालच्या जॅग्वार ई-टाइपने नवाचे प्रमाण घेतले. १९७५ सालच्या पोर्श ९११ टर्बोने तर साडेसहाच घेतले! इतक्या बलवान गाडीचे प्रमाण इतके कमी पाहून आम्ही चकित झालो. पुढे उलगडा झाला, की तिचा टर्बो हवा बाहेरच दाबून आणतो. आत आणखी दाबायला वाव ठेवावा लागतो. २००५ सालच्या बुगाटी वेरॉनला चार टर्बो आहेत आणि प्रमाण नवाचेच. टर्बोवाचून धावणारी २००९ सालची फेरारी ४५८ मात्र साडेबारापर्यंत चढली. तिथे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते, ते वाफ होताना आतली हवा थंड करते. माठातल्या पाण्याचा हाच धर्म. २०१८ मध्ये इन्फिनिटीने प्रसंग पाहून आठापासून चौदापर्यंत प्रमाण बदलणारे इंजिन विक्रीस आणले. हलक्या चालीला अधिक दाब, जोराच्या चालीला कमी, असे त्याचे धोरण. असा एखादा वरिष्ठ आपणांसही लाभावा, अशी इच्छा कोणाच्या मनात येणार नाही?

या व्यवहारात माणसाने एक काळा सौदाही केला. १९२१ साली अमेरिकेत टॉमस मिजली याने शिशाचे एक संयुग पेट्रोलात मिसळून टकटक थांबविली. इंजिने शांत झाली, दाब वाढविता आला, गाड्या पळू लागल्या आणि शिसे मुलांच्या रक्तात उतरत राहिले. आपल्या देशात ते विष १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. जगाच्या पाठीवरील शेवटच्या पंपावर, अल्जीरियात, २०२१ साली. दडपण सोसण्याची शक्ती उसनी घेता येते, पण तिचे व्याज भलत्याच्याच नावे पडते. रात्री गोळी घेऊन झोपणारे आणि सकाळी घरच्यांवर खेकसणारे एक सहकारी आमच्या डोळ्यांपुढे आले. गोळीने त्यांची टकटक थांबली होती, घरच्यांची नव्हे.

आता मिस्त्रींचे 'अच्छे तेल'. २०२५ सालापर्यंत आपल्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आले आणि अशा पेट्रोलास ९५ ऑक्टेनचे मानक ठरले. इथेनॉल टकटकीला दाद देत नाही. पण त्याच्या लिटरमागे उष्णता पेट्रोलापेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी. यातून एक विचित्र न्याय निघतो. ज्या इंजिनात दाब अधिक, ते या गुणाचा उपयोग करून तोट्यातला काही भाग भरून काढते. ज्यात दाब कमी, त्याच्या पदरी केवळ तोटा पडतो; गुण आला तसा धुराड्यावाटे निघून जातो. म्हणजे मिस्त्रींचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते.

या वाक्याने आमची झोप मात्र उडविली. गुण आहे, पण त्याला दाबणारे कोणी नाही, म्हणून तो वाया जातो! परगावी पडलेल्या किती जणांची ही कथा असेल! विभागीय परीक्षेचा अर्ज तीन वर्षे आमच्या टेबलाच्या खणात पडून होता. उत्तीर्ण झालो तर पद वाढणार आणि बहुधा नागपूर आणखी लांब पडणार. वडिलांचे वय वाढत असताना हे दडपण का घ्यावे, हा आमचा युक्तिवाद होता. तो खोटा नव्हता. पण त्याच्या आडोशाला थोडा आळसही सुखाने बसला होता.

निर्णय दोन झाले. गाडीचे हेड घासले नाही. तिचे बेअरिंग, तिचे गॅस्केट, तिचा रेडिएटर हे सारे कुर्ल्याच्या जुन्या दाबासाठी बेतलेले. त्यात हा रायपूरचा उन्हाळा. घासलेली धातू परत लावता येत नाही. इथेनॉल सोसतील अशा रबरी नळ्या तेवढ्या बदलून घेतल्या. मिस्त्री थोडे हिरमुसले, मग म्हणाले, "ठीक है, बुज़ुर्ग को बुज़ुर्ग रहने दो."

अर्ज मात्र आम्ही भरला. आमचे वय अजून घासून घेण्याजोगे आहे. कचेरीतून येताच दोन तास अभ्यास, रविवारी चार. तेलीबांध्याच्या तलावाकाठचे फिरणे तूर्त बंद. सौभाग्यवतींनी एवढीच अट घातली आहे, की चिडचिड ऐकू आली की त्या पुस्तक मिटून ठेवणार. टकटक ऐकणारे माणूस घरात असणे, हे शिशाहून कितीतरी बरे.

वडिलांना फोनवर दोन्ही गोष्टी सांगितल्या. परीक्षेबद्दल ते काही बोलले नाहीत. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "चढावर आवाज तर करीत नाही ना?" गाडीविषयी विचारले, की आमच्याविषयी, हे आम्ही विचारले नाही. नाही, असे उत्तर दिले. दोहोंच्या बाबतीत ते आजमितीस खरे आहे.