न बोलणारा पट्टा

यंत्राचे काही भाग बिघडण्यापूर्वी कुरकुरतात. ब्रेक करकरतात, बेअरिंग गुणगुणते, आणि शहाणा मालक वेळीच सावध होतो. परंतु काही भाग असे असतात की, ते अखेरच्या क्षणापर्यंत मूक राहतात व बहुधा पूर्वसूचना न देताच तुटतात. मोटारीच्या इंजिनातील टायमिंग बेल्ट हा या दुसऱ्या वर्गातला होय.

इंजिनाच्या तळाशी क्रँक व माथ्यावर कॅम असतो. दट्ट्यांच्या वरखाली होण्याने क्रँक फिरतो. कॅम झडपांची उघडझाप करितो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा नेमका एकच फेरा झाला पाहिजे. हा हिशेब पूर्वी साखळी किंवा दातेरी चाके राखीत. १९६२ साली जर्मनीतील ग्लास कंपनीची १००४ ही गाडी दातेरी रबरी पट्टा घेऊन आली, आणि पुढे अनेकांनी तोच मार्ग धरिला. पट्टा हलका असतो व आवाज करीत नाही. मात्र गाडी दारात उभी असली तरी रबराचे वय वाढतच राहते.

आमची मारुती ८०० जुनी विकत घेतलेली आहे. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात प्रथम रस्त्यावर आली व २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. आता तिची काळजी वाहणे सर्वस्वी मालकाकडे आले. आमच्या गाडीचा पट्टा पूर्वी केव्हा बदलला, याची नोंद कोठेच नव्हती. मातोश्री घोडेगावी राहतात. दर तीन महिन्यांनी जुन्नराहून तेथे जाऊन त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी पुण्यास न्यावे, हा आमचा नेम. पट्टा वाटेत तुटला तर इंजिन तत्क्षणी बंद पडते. कित्येक इंजिनांत तर दट्ट्या उघड्या झडपांवर आदळून त्या वाकतात. त्या प्रवासात अशी जोखीम आम्हांस नको होती.

दिवाळीच्या सुट्टीत, एस. टी. च्या आगारातून निवृत्त झालेल्या शेजारच्या मेस्त्रींना सोबतीस घेऊन, आम्ही अंगणातच काम आरंभिले. प्रथम बॅटरीची तार सोडविली. जॅकने गाडी उचलून खाली भक्कम आधार दिला. स्पार्क प्लग काढिले, म्हणजे आतला दाब जाऊन इंजिन हाताने सहज फिरते. मग बाहेरचा पट्टा, पुल्या व झाकण निघाले. क्रँक व कॅम या दोन्ही चाकांवरील खुणा आपापल्या जागी जुळवून, ताण देणारी कप्पी सैल करून जुना पट्टा उतरविला.

वरून तो धडधाकट दिसत होता. मेस्त्रींनी तो बोटांवर उलटा वाकविला, तेव्हा दातांच्या मुळाशी बारीक भेगांची रांगच उघडी झाली. "गुरुजी, हा कधी बोलला नसता," एवढेच ते म्हणाले.

नवा पट्टा चढविला, ताण दिला. आमचा हात किल्लीकडे जाताच मेस्त्रींनी थांबविले. "आधी हातानं दोन फेरे." पान्याने क्रँक पूर्ण दोन वेळा सावकाश फिरविला; खुणा पुन्हा जुळल्या. एक दात जरी सरकला असता तरी तो येथेच कळला असता. त्यानंतरच झाकण लागले, आणि इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झाले.

पुढच्या आठवड्यात घोडेगावी गेलो. मातोश्रींचे नित्याचे बोलणे ठरलेले: "मला काय झालंय रे? उगाच पैसे घालवतोस." त्यांनी आजवर कशाचीच तक्रार केलेली नाही. आम्ही वाद न घालता पिशवी उचलली व गाडीचे दार उघडले. त्या तपासणीत डॉक्टरांनी एक औषध बदलून दिले. बदल वेळेवर झाला, असे ते म्हणाले.

विद्यार्थिमित्रहो, जे ओरडते त्याच्याकडे जग आपोआप पाहते. परंतु घराघरांत अशी माणसे असतात की, सर्वांचा मेळ त्यांच्यामुळे चालतो आणि स्वतःविषयी ती चकार शब्द काढीत नाहीत. त्यांच्या तक्रारीची वाट पाहू नये. दिनदर्शिकेत त्यांची तारीख आपणच लिहून ठेवावी.