चिखलाची शाळा

साठी उलटलेल्या माणसाने काय करावे, याची यादी आपल्या समाजाने फार पूर्वीच करून ठेवली आहे. सकाळी टेकडीवर जावे, दुपारी शब्दकोडे सोडवावे, संध्याकाळी नातवाला बागेत न्यावे आणि रात्री एकमेकांच्या मधुमेहाची चौकशी करावी. चिखलात मोटार घालायला शिकावे, असे कलम त्या यादीत मला कुठे आढळले नाही. त्यामुळे बँकेतून निवृत्त झाल्यावर, २०२३च्या जुलैत, मी एक छोटी जिम्नी दारात आणून उभी केली आणि 'हिची चारही चाके चालतात' असे जाहीर केले, तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली. मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, बाकीच्या गाड्यांची किती चालतात?"

चाके चारही फिरतात हे खरे. पण साध्या मोटारीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो आणि उरलेली दोन नुसती बरोबर येतात, वऱ्हाडातल्या पाहुण्यांसारखी. हे मी समजावून सांगितले. सौ.ने गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि मागचे दार उघडून पाहिले. "अहो, हिच्यात भाजीची पिशवी ठेवली की छत्रीला जागा नाही!" एवढाच अभिप्राय देऊन ती आत गेली.

गाडी घेण्याचे खरे कारण होते आमची आक्का. आक्का माझ्याहून तेरा वर्षांनी मोठी. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे डांबर संपते तिथून चार किलोमीटर आत, तिचे सासरचे घर आहे. यजमान गेले, मुलगा परदेशी स्थायिक झाला. पण दोन म्हशी आणि परसातला फणस सोडून पुण्यात यायचे नाव ती काढीत नाही. ते चार किलोमीटर उन्हाळ्यात कुणालाही जाता येतात. पावसाळ्यात मात्र तिथे मुरुमाचा चढ, त्यापुढे भाताच्या खाचरांलगतचा चिकण मातीचा पट्टा आणि मध्ये एक ओढा, असा मामला होतो. माणूस आजारी पडले की बांबूला घोंगडी बांधून त्याची डोली करायची आणि चौघांनी खांद्यावरून डांबरापर्यंत आणायचे, ही तिथली रीत. पण आता गावात खांदे उरलेत कुठे? तरणी पोरे सगळी पिरंगुटच्या कारखान्यांत.

लहान चणीची गाडी घेतली याचेही कारण होते. आपल्याकडे चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून विलिस जीप जुळवली जाऊ लागली आणि 'जीप' हा शब्द मराठीच होऊन बसला. पण अवजड गाडी चिखलात रुतते तीही वजनदारपणे. सुझुकीने १९७० साली अवघ्या ३५९ सीसीच्या इंजिनावर चार चाके चालवणारी चिमुकली गाडी काढली. तिच्याच वंशातली जिप्सी आपल्याकडे १९८५ साली आली आणि पुढे तीसेक वर्षे लष्करात नि पोलिसांत राबली. जिम्नी ही त्याच घराण्यातली. अरुंद वाटेवरून बैलगाडीच्या चाकोरीत ती बसते, आणि तिचे पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर वर आहे. आक्काच्या वाटेवरचे दगड मी पट्टीने मोजून आलो होतो.

गुरू मला त्याच वाटेवर भेटला. गावातले दूध जुन्या जीपमधून डेअरीवर पोचवणारा तिशीचा तरुण. पहिल्या धड्याला मी ऐटीत सुकाणूमागे बसलो, तर तो म्हणाला, "काका, खाली उतरा. आधी पायांनी चाला." पाऊस भुरभुरत होता. चिखल घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत, खाली कठीण तळ आहे की नाही, ओढ्यातला धोंडा कालच्या जागी आहे का, हे सगळे त्याने मला काठीने टोचून पाहायला लावले. जिथे आपल्याला चालत जायचा धीर होत नाही तिथे गाडी घालायची नाही, आणि पाणी वाहते असेल तर ते ओसरेपर्यंत काठावर विडी ओढीत बसायचे, असा त्याचा दंडक. मी विडी ओढत नाही. मी शेंगदाणे नेऊ लागलो.

दुसरा धडा अंगठ्यांचा. सुकाणूच्या चाकाला अंगठे आतून गुंडाळायचे नाहीत. कडेवर बाहेरून ठेवायचे. पुढचे चाक दगडावर आदळले की सुकाणू फटकन फिरते आणि आरा अंगठ्यावर बसतो. जुन्या जीपांनी कितीतरी अंगठे मोडले आहेत. हल्लीच्या गाड्यांत हा झटका पुष्कळ कमी झाला आहे, पण सवय चांगली.

मग आली ती गिअरशेजारची छोटी दांडी. तिच्यावर टू-एच, फोर-एच, फोर-एल अशी तीन ठाणी. टू-एच डांबरासाठी. फोर-एच निसरड्या वाटेसाठी. कोरड्या डांबरावर ते घालायचे नाही. कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात, आणि या गाडीत दोन्ही आसांची मोट एकत्र बांधली गेल्यावर तो फरक जिरायला वाव राहत नाही. चिखलात चाक थोडे घसरते आणि ताण सुटतो. डांबरावर तो यंत्राच्या हाडांत शिरतो. फोर-एल मात्र गाडी थांबवून, क्लच दाबून घालायचा. त्यात चाकांना जवळजवळ दुप्पट जोर मिळतो आणि वेग निम्म्यावर येतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी म्हातारीच्या चालीने चालते आणि उतारावर ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावावा लागत नाही. इंजिनच तिला धरून ठेवते. तो उतार पाय उचलून उतरताना माझ्या पोटात जे गोळे आले, ते क्लार्कच्या मुलाखतीलाही आले नव्हते. चढावर गाडी बंद पडली तर ती वळवायची नाही, रिव्हर्स टाकून सरळ मागे उतरायचे. आडवी झाली की कलंडते.

आणखी एक गंमत सांगतो. एक चाक खड्ड्यावर अधांतरी राहिले की सगळा जोर तिथेच वाया जाऊ लागतो, आणि जमिनीवरचे चाक ढिम्म हलत नाही. ही गाडी फुकट फिरणाऱ्या चाकाला आपणच ब्रेक लावते आणि जोर पलीकडच्या चाकाकडे जातो. खालून कटकट आवाज येतो; तेव्हा पाय काढून घ्यायचा नाही. कामचुकार माणसाला असा ब्रेक लावायची सोय बँकेत असती तर!

अशी गाडी मिळाली की काही लोक ती नदीपात्रात नि गडांच्या पायथ्याशी उधळतात. मला ते मुळीच पसंत नाही. चाकाची एक चाकोरी पुढल्या पावसात घळ होते आणि शेतकऱ्याचा बांध घेऊन जाते. मी दोन पावसाळ्यांत आक्काची वाट सोडून कुठेही चाक घातलेले नाही.

२०२४च्या श्रावणात एका संध्याकाळी गुरूचा फोन आला. "काका, आजी गोठ्यात घसरल्यात. पाय हलवता येत नाही." मी निघालो, आणि १०८ला वाटेतूनच कळवले. त्यांची रुग्णवाहिका डांबर संपते तिथे येऊन थांबणार होती. पुढचे चार किलोमीटर आमचे. मी पोचलो तेव्हा ओढ्याचे पाणी चाकाच्या मध्याखाली होते आणि संथ होते. गुरू कंदील घेऊन पुढे चालला, मी मागे.

आक्काच्या दोन पायांमध्ये उशी ठेवून आम्ही ते लुगड्याने एकत्र बांधले. पुढच्या खुर्चीची डोक्याकडची उशी काढून पाठ पार मागे पाडली की ती मागच्या बाकाला टेकते; तिथे गादी घातली आणि तिघांनी चादरीसकट तिला उचलून ठेवले. आणि मग मी फोर-एल घातला. तोवर तो मला यंत्राचा भाग वाटत होता. त्या रात्री एकेका दगडावर चाक चढवायचे, माथ्यावर क्षणभर तोलायचे आणि पलीकडे अलगद टेकवायचे, एवढेच काम होते. खुबा मोडलेल्या माणसाला धक्का म्हणजे काय, ते मागून येणाऱ्या श्वासावरून कळत होते. आक्का कण्हली नाही. "अरे, म्हशींची धार राहिलीय," एवढे दोनदा म्हणाली. चार किलोमीटरला पन्नास मिनिटे लागली. गुरू पूर्ण वाट भिजत पुढे चालत होता आणि हाताने डावे-उजवे दाखवीत होता.

तिसऱ्या दिवशी पुण्यात शस्त्रक्रिया झाली. दीड महिना आक्का आमच्याकडे होती आणि दीड महिना तिने सौ.च्या चहाला नावे ठेवली. दिवाळीच्या चार दिवस आधी वॉकर घेऊन ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, तेव्हा कुणी वाद घातला नाही.

वाट वाळली होती, भात कापणीला आले होते. टू-एचमध्ये सहज जाता आले असते. तरी चढाशी मी गाडी थांबवली आणि फोर-एल घातला.

"एवढ्या हळू का रे?" आक्का म्हणाली. "म्हशी दाव्याला हिसके देत असतील."