चित्रकलेचा तास, खेळाचा तास

आमच्या घरात कुणी चित्रकार झाला नाही आणि कुणी खेळाडूही झाला नाही. थोरला दादा टर्नर, ताई बँकेत, मी हिशेबनीस, काकांची छकू सरकारी कचेरीत. तरीही चौघं एकत्र जमलो की गप्पा दोन विषयांवर आल्याशिवाय राहत नाहीत. एक ताईचं एलिमेंटरीचं स्मरणचित्र, दुसरा छकूचा सूर. पगारवाढ, घरं, मुलांची लग्नं हे सगळं त्याच्यानंतर. हे दोन्ही नाद शाळेनं लावले आणि सुटले नाहीत.

बाबा आणि काका संगमेश्वराकडून अंबरनाथला आले ते कारखान्यांच्या ओढीनं. धरमसी मोरारजी केमिकल, काड्यापेट्यांची विमको, ऑर्डनन्स फॅक्टरी हे मोठे कारखाने आधीच होते. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढं मोरिवलीच्या अंगाला शेडमागून शेड उठत गेली. आमची चाळ तिथून जवळच. खोल्या दोन आणि कुटुंबंही दोन. दिवस भोंग्यावर चालायचा. वास आला की वारा कुठून सुटलाय ते कळायचं. नाल्याचं पाणी कधी तांबूस, कधी हिरवट दिसे आणि मोठी माणसं त्यावर फारसं बोलत नसत. ज्या कारखान्यावर चूल पेटते त्याच्याबद्दल काय बोलणार?

चित्रकलेचे सर या सगळ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायचे. त्या काळी महाराष्ट्रातलं कुठलंही पोर कागद हातात आला की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी आणि एक नारळ काढून मोकळं होई. आम्हीही तेच काढत होतो. सर म्हणाले, "डोंगर काढायचाच तर खिडकीतून दिसतो तो मलंगगड काढा. तो त्रिकोणी आहे का?" आम्ही पहिल्यांदा नीट पाहिला. त्रिकोणी नव्हताच. वर एक सुळका, खाली पसरट खांदे, एका बाजूला तुटलेला कडा. रोज शाळेत जाताना तो समोर असायचा आणि आमच्यापैकी एकालाही त्याचा आकार सांगता आला नसता.

एलिमेंटरीला ताई बसली तेव्हा सगळं घर परीक्षेला बसल्यासारखं झालं. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. चित्रकलेलासुद्धा सरकारी परीक्षा असते, तिला ग्रेड मिळते, हे आईला फार आवडलं होतं. डालड्याचा रिकामा डबा पाण्यासाठी, बोर्डाला दोन चिमटे आणि कॅमलची रंगपेटी, तीसुद्धा दादाकडून आलेली आणि त्यातली पिवळी वडी झिजून तळ दिसू लागलेली. सरावाला ताईनं विषय घेतला पाळी सुटण्याचा. कारखान्याचं गेट, सायकली हातात धरून बाहेर पडणारी माणसं, मागं धुरांडं. खाकी रंग पेटीत नव्हता, म्हणून पिवळ्यात थोडा तांबडा आणि काळ्याचं टोक बुडवून तिनं तो केला. धूर काही जमेना. ब्रशनं ओढला की भिंतीवरच्या ओघळासारखा दिसे. सरांनी युक्ती सांगितली, "कागद ओला असतानाच रंग सोड आणि हात काढून घे. धूर त्याचा तो पसरतो."

चित्र वाळत ठेवलं होतं. बाबा पहिल्या पाळीवरून आले, हातपाय धुतले आणि चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसले. आमच्या अभ्यासात त्यांनी कधी लक्ष घातलेलं आठवत नाही. गुणपत्रिकेवर सही करायची एवढाच संबंध. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वॉचमन या बाजूला नाही बसत, उजवीकडं बसतो. आणि सुटताना कुणी सरळ चालत नाही, सगळे आधी खिशात विडी चाचपतात." ताईनं पुढच्या चित्रात तीन माणसांचे हात खिशात घातले. परीक्षेत तिला बी ग्रेड मिळाली. बाबांनी पेढे आणले. बी म्हणजे काय, ते त्यांनी विचारलंच नाही.

दादाची गोष्ट निराळी. त्याला माणसं काढता येत नसत. पण इंटरमिजिएटची घनभूमिती आणि ठोकळा अक्षरं ही त्याची जहागीर. पुढं आयटीआयमध्ये मशीन ड्रॉइंगच्या तासाला प्लॅन आणि एलिव्हेशन म्हटल्यावर बाकीची मुलं बिचकली, तेव्हा हा मजेत होता. वस्तू वरून कशी दिसेल, समोरून कशी दिसेल, हे तो आठवी-नववीपासून काढत आला होता. शाळेतल्या कलेचा पोटापाण्याशी संबंध काय, असं विचारणाऱ्यांना मी दादाचं उदाहरण देतो, तरी ते मला स्वतःला पुरतं पटत नाही. कारण दादाला खरा आनंद होई तो 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला. कंपनीत पोस्टर स्पर्धा असे. हेल्मेट, गॉगल आणि खाली ठसठशीत अक्षरांत घोषवाक्य. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळे. वहिनीच्या फळीवर त्या डब्यांची रांग आहे.

सर वर्षातून एकदा रूळ ओलांडून पूर्वेला, शिवमंदिरात न्यायचे. इ.स. 1060चं, शिलाहारांचं देऊळ. आम्ही ते महाशिवरात्रीच्या जत्रेपुरतं ओळखत होतो, म्हणजे पाळणे आणि उसाचा रस. सरांनी आम्हाला बाहेरच्या भिंतीपाशी एकेका मूर्तीसमोर बसवलं आणि सांगितलं की 1868 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी या देवळाची चित्रं काढायला आणि साचे घ्यायला इथं आले होते. आपल्या गावात चित्रं काढायला मुंबईहून मुलं येतात आणि तीही शंभर वर्षांपूर्वी, याचा आम्हाला कोण अभिमान वाटला! मी काढलेली मूर्ती कोणत्या देवाची ते सरांना ओळखता आलं नाही, हा भाग वेगळा.

आता छकू. ती पळायची म्हणून खेळाच्या बाईंनी तिला खो-खोत घेतलं आणि काकूनं नाही म्हटलं. मुलीची जात, गुडघे फुटणार, डाग राहणार. बाई घरी आल्या, चहा घेतला, डागांबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "तिच्यावाचून माझा खांब रिकामा राहतो." काकूला अर्थ कळला नाही, पण अडवणूक संपली.

खांबाचं महत्त्व आम्हाला छकूनं शिकवलं. पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही, मागं वळता येत नाही. दिशा बदलायची तर खांब गाठावा लागतो. पळणारा नेमका तिथंच हुलकावणी देतो. म्हणून एका हातानं खांब धरायचा, अंग जमिनीला समांतर झोकायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं गड्याच्या टाचेला लावायची. हा सूर छकू मुरमाड मैदानावर मारत असे. फक्कीनं आखलेल्या रेषा तिच्या फ्रॉकवर उमटत आणि काकू रात्री गुडघ्यावर हळद दाबताना शाळेचा उद्धार करी. ऑर्डनन्सच्या मैदानावर सामना असला की काका तिसरी पाळी संपवून थेट तिकडं येत. डोळे तांबारलेले, हातात जेवणाचा डबा. सामना संपला की घरी जाऊन झोपत. जिंकल्या का हरल्या, हे संध्याकाळी उठल्यावर काकूलाच विचारत, कारण अर्धा सामना उभ्यानं पेंगलेले असत.

आता इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत सात गुण जादा मिळतात. ताईला ते आवडत नाही. मला गैर वाटत नाही. गुणांच्या लोभानं का होईना, एखादं पोर ओल्या कागदावर रंग सोडून बघतं. मैदानांचं मात्र अवघड आहे. जिथं आम्ही फक्की मारत होतो तिथं आता गाड्या लागतात.

19 जानेवारी 2025ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. आम्ही सगळे छकूच्या घरी होतो. प्रियांका इंगळेच्या संघानं नेपाळला 78-40 असं हरवलं, मग प्रतीक वाईकरच्या संघानं 54-36. छकू पडद्याकडं बोट करून ओरडत होती, "साखळी तोड, साखळी तोड!" नातवंडं सामना सोडून तिच्याकडं बघत होती. मॅटवर सूर मारणाऱ्या मुली बघून ती म्हणाली, "गादीवर काय, कुणीही मारेल." पण डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी नातवंडांनी हट्ट धरला. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, खांब पुरायचा कुठं? दादानं वहीच्या पानावर प्लॅन काढला, एलिव्हेशन काढलं: खाली जड लोखंडी पाट, वर 120 सेंटिमीटरचा खांब. ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन नग करून आणले. ताईनं त्यांना पट्टे मारून दिले. कमिटीनं रविवारी सकाळी नऊपर्यंत परवानगी दिली आहे, गाड्या हलवायची जबाबदारी आमची. सूर मारायला मनाई आहे, हे छकूनं मुलांना तीनदा बजावलं. काकूचाच आवाज लागला होता तिला.