मिठूची वाटी

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून त्यांना शाळेचा इतिहासच अपेक्षित असावा. तो लिहिणारी अधिकारी मंडळी या अंकात आहेतच. मी मात्र एका पोपटाविषयी लिहिणार आहे. वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांत मला ज्यांनी शिकवले त्यांत त्याचा क्रमांक बराच वरचा आहे. शिवाय त्याच्या निमित्ताने माझ्या हातून एक चूक घडली. ती या पानांवर नोंदवणे मला आवश्यक वाटते.

गोष्ट वीस-एक वर्षांपूर्वीची. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघण्याचे ते दिवस. पाचवीतला एक मुलगा एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात पिंजरा घेऊन वसतिगृहाच्या दारात उभा राहिला. आईवडील कोयता घेऊन गेले होते, घराला कुलूप होते. पोपट आजीने पाळलेला. आजी पावसाळ्यात वारली होती. ‘‘त्याला खायला घालायला घरी कोणी नाही, सर,’’ एवढेच तो म्हणाला. नियमाने मी नकार द्यायला हवा होता. मी पिंजरा व्हरांड्यात टांगू दिला.

त्या दिवसापासून मिठू साऱ्या वसतिगृहाचा झाला. आपल्या घासातला घास त्याला देण्याची चढाओढ लागली. सकाळी चहात बुडवलेले बिस्किट, दुपारी भाताची ढेकळे, सायंकाळी कोणाच्या तरी घरून आलेली शेव आणि चिवडा. स्वयंपाकघरातल्या मावशी पातेल्याच्या तळाशी उरलेले आणून वाटीत टाकीत. एका पालकांनी प्रेमाने सूर्यफुलाच्या बियांची पिशवीच आणून दिली. मिठू सारे खात होता, म्हणून आम्ही समाधानी होतो.

पौष महिन्यात त्याची बोलती बंद झाली. पिसांची चकाकी गेली, नाकपुड्या चिकटू लागल्या, नुसते फडफडले तरी त्याला धाप लागे. मुलाला घेऊन मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोपटाची छाती बोटाने चाचपली आणि ‘‘छातीचे हाड हाताला लागत नाही, चरबीत बुडाले आहे,’’ असे सांगितले. काट्यावर तो दीडशे ग्रॅम भरला. काय खाऊ घालता, असे त्यांनी विचारले. मुलाने अभिमानाने सगळी यादी सांगितली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी मुलापुढे एक गणित मांडले. ‘‘एक बिस्किट पाच ग्रॅमचे. याच्या वजनाचा तो तिसावा भाग. तुझे वजन तीस किलो धरले, तर तू एका बैठकीत एक किलो बिस्किटे खाल्ल्यासारखे झाले की नाही?’’ मग त्यांनी समजावले. सूर्यफुलाच्या बियांत तेल फार असते. ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम अगदी कमी. नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटाच्या यकृतात चरबी साठते, नाकातोंडातले अस्तर दुबळे होते आणि संसर्ग लवकर होतो. मीठ आणि तळण त्याच्या इवल्या शरीराला पेलत नाही, दूध पचत नाही. चहा आणि चॉकलेट तर त्याला विषासारखे; कांदा, लसूण, ॲव्होकॅडो आणि सफरचंदाच्या बियाही वर्ज्य. मुलाने भीत भीत विचारले, ‘‘आणि मिरची? आजी रोज द्यायची.’’ डॉक्टर हसले. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही आणि हिरव्या मिरचीत त्याला लागणारी जीवनसत्त्वे असतात. ‘‘तुझी आजी हुशार होती,’’ असे ते म्हणाले, तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर आलेला आनंद मला आजही आठवतो.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतले. आपल्या देशातला पोपट पकडणे, विकणे, पिंजऱ्यात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पक्षी सावरला की वनविभागाच्या स्वाधीन करा, असे त्यांनी बजावले. मी मान डोलावली आणि मुलाला त्यातले काही सांगितले नाही.

परत आल्यावर आम्ही तक्ता तयार करून पिंजऱ्याशेजारी लावला. सकाळी मोड आलेले मूग किंवा मटकी आणि बाजरी, ज्वारी, राळे यांचे चमचाभर मिश्रण. दुपारी गाजर, लाल भोपळा, मेथी किंवा शेवग्याचा कोवळा पाला आणि मक्याचे थोडे कोवळे दाणे. सायंकाळी पेरूची, पपईची फोड किंवा डाळिंबाचे दाणे. फळ मात्र थोडेच, कारण त्यातही साखर असते. सूर्यफुलाच्या बिया आठवड्यातून एकदा, त्याही मोजून चार. कॅल्शियमसाठी पिंजऱ्याच्या तारेला समुद्रफेसाचा तुकडा. पाणी रोज ताजे आणि भिजवलेले अन्न दोन-तीन तासांनी काढून टाकायचे, कारण ते लवकर आंबते.

मिठूने पहिले आठ दिवस गाजराकडे ढुंकूनही पाहिले नाही. सवयीचे खाणे एकदम तोडू नका, पक्षी उपाशी राहील, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. म्हणून जुन्या खाण्यात नवे थोडे थोडे मिसळत गेलो. मुले पिंजऱ्यासमोर बसून गाजर खाऊन दाखवीत. एक दिवस त्याने चोच लावली. त्या सायंकाळी वसतिगृहात सण असल्यासारखे वातावरण होते. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून मी वहीत लिहू लागलो. १४८, १४४, १३९. होळीपर्यंत तो १२८ वर आला आणि पहाटे पुन्हा बोलू लागला.

त्याच काळात रविवारच्या वंदनेनंतर मी मुलांना शुक जातकाची कथा सांगितली. त्यातला पोपट समुद्रातल्या बेटावर आंबे खायला जातो. वृद्ध बाप जाऊ नकोस म्हणतो, तो ऐकत नाही. एके दिवशी रसाने तुडुंब पोट भरून परतताना त्याला झापड येते आणि तो समुद्रात कोसळतो. भोजनाची मात्रा ओळखावी, हा भगवंतांचा उपदेश त्या कथेत आहे. मुलांना तो पटला. सांगणारा मी मात्र दुसरीच एक मात्रा विसरलो होतो.

मार्चमध्ये आरोग्य तपासणीचे पथक आले. मिठूच्या मालकाचे वजन दिवाळीच्या तुलनेत दोन किलोंनी घटले होते. मी त्याला खोलीत बोलावून विचारले. बराच वेळ तो गप्प राहिला. शेवटी सारे बाहेर आले. तक्ता मी लिहिला होता, पण त्यातले जिन्नस कोठून येतात हे मी कधी विचारलेच नव्हते. मावशी धान्य आणि भाजीचे तुकडे देत. नाश्त्याची मोड आलेली मटकी, बुधवारचा पेरू, शनिवारचे केळे मात्र तो स्वतःच्या ताटातून काढून ठेवी. केळे मित्राला देऊन त्याबदल्यात डाळिंबाचे दाणे घेई. दर रविवारी मी पोपटाचे वजन करीत होतो. काटा धरून शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे मी पाहिले नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. समोर दुसऱ्या दिवशीच्या तासाचे टिपण होते : सम्राट अशोकाचा पाचवा स्तंभलेख. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने ज्या प्राण्यांना अवध्य ठरवले, त्यांची यादी त्यात आहे. यादीतले पहिले नाव शुकाचे, दुसरे सारिकेचे. आणि लेखाच्या अखेरीस तो सांगतो, की या काळात पंचवीस वेळा बंदिवानांची मुक्तता केली. हा लेख मी कितीदा शिकवला असेल! पोपटापासून सुरू होणारा लेख बंदिवानांच्या मुक्ततेपाशी संपतो, हे माझ्या ध्यानात त्या रात्री आले.

आणखी एक गोष्ट आठवली. वन्यजीवांचा तो कायदा १९७२ चा. त्याच वर्षीच्या दुष्काळात माझी आई मला कडेवर घेऊन खडी फोडायला जाई आणि कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून आणी. त्याआधीच्या पिढ्यांना तर गावाने उरलेले, शिळे, उष्टे वाढले आणि त्याला दया म्हटले. वाढणाऱ्याला आपण उदार आहोत असेच वाटत असे. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले, तेव्हा प्रश्न नुसत्या पोटाचा नव्हता. कोणी काय खावे हे दुसऱ्याच्या उरलेल्यावर ठरू नये, हा त्यातला अर्थ मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. आणि आम्ही त्या पोपटाच्या वाटीत पहिले दोन महिने काय टाकीत होतो? पातेल्याच्या तळाशी उरलेले. नंतर तक्ता सुधारला, वाटी सुधारली; पिंजरा तोच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला कायदा सांगितला. इतके दिवस लपवल्याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो रडला नाही. ‘‘तिथं त्याला कोण खाऊ घालील, सर?’’ असे त्याने विचारले. मी म्हणालो, ‘‘आधी तिथली माणसं घालतील. पिसं आली, की कोणी घालायचं नाही. तो स्वतःचं स्वतः खाईल.’’ यावर त्याने बराच वेळ विचार केला आणि तक्ता काढून माझ्या हातात दिला. ‘‘हा त्यांना द्या. गाजर किसून दिलं तरच खातो, असं सांगा.’’

वनविभागाने मिठूला इतर पोपटांबरोबर मोठ्या जाळीत ठेवले. कातरलेली पिसे गळून नवी आली. पुढच्या हिवाळ्यात सोडण्याचा दिवस ठरला, तेव्हा मी मुलाला बोलावले. तो आला नाही. मी एकटाच गेलो. मिठू जाळीबाहेर आला, बाभळीवर थोडा वेळ बसला आणि थव्यामागे निघून गेला.

तो मुलगा आज स्वतः बाप आहे. हे वाचताना तो स्वतःला ओळखेल. त्याला आणि साऱ्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे, की खाऊ घालण्याच्या आनंदात खाणाऱ्याला विसरू नका, आणि त्याच्यासाठी कोण उपाशी राहते आहे तेही पाहा. घरी कोणाकडे पिंजऱ्यात पोपट असेल, तर त्याला आजपासून नीट आहार द्या आणि वनविभागाला कळवा.

त्या वर्षापासून वसतिगृहात प्रत्येक मुलाचे वजन महिन्यातून एकदा होते. वही जुनीच आहे. तिच्या पहिल्या चार पानांवर पोपटाच्या वजनाच्या नोंदी आहेत. पाचव्या पानापासून मुलांची नावे सुरू होतात. पहिले नाव त्याचे आहे.