हाडाचं सेंट्रिंग

स्लॅब ओतला की सेंट्रिंग लगेच काढत नाहीत. काँक्रीट स्वतःचा भार पेलू लागेपर्यंत फळ्या आणि टेकू तसेच ठेवतात. तुटलेल्या हाडातली पोकळी भरायला मी जो सांगाडा बनवतो, तो असाच टेकू. पण तो उतरवायला कुणी पुन्हा शरीर उघडणार नाही. नवं हाड धरत जाईल तसं त्यानेच विरघळत जायचं असतं.

लंडनमध्ये विल्यम बॉनफील्ड यांनी १९८० च्या दशकात पॉलिएथिलीनमध्ये हायड्रॉक्सिअपॅटाइट, म्हणजे हाडातलंच खनिज, मिसळलं. मधल्या कानाच्या रोपणात ते कामी आलं. पण ते विरघळणारं नव्हे, कायमचं राहणारं. आम्ही पॉलिएथिलीनऐवजी जिलेटिन घेतो.

खनिज आमचं आम्हीच पाडतो. कॅल्शियम नायट्रेटमध्ये फॉस्फेटचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, अमोनियाने सामू १० च्या वर धरायचा. नाकात झिणझिण्या येतात, पण घाई करायची नाही. कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण १.६७ यायला हवं. सामू घसरला तरी साका तसाच पांढराशुभ्र दिसतो, आत मात्र भलतंच संयुग असतं.

मला खरी गोडी गोठवण्याची. जिलेटिनच्या कोमट द्रावणात या खनिजाची भुकटी ढवळून साच्यात ओततो आणि फ्रीझरमध्ये ठेवतो. बर्फाचे स्फटिक वाढताना जिलेटिनला आणि खनिजाला कडेला रेटतात. मग निर्वातात बर्फाची थेट वाफ होते. जिथे बर्फ होता तिथे भोक उरतं. झटकन गोठवलं तर भोकं बारीक, सावकाश गोठवलं तर मोठी. पेशी आत शिरायला आणि पुढे रक्तवाहिन्या रुजायला ती शंभर मायक्रॉनहून मोठी, एकमेकांत उघडणारी हवीत. तयार वडी बत्ताशासारखी हलकी लागते हाताला.

ताकदीच्या हव्यासाने मी एकदा फसलो. जिलेटिन लगेच विरघळू नये म्हणून ग्लुटाराल्डिहाइडने त्याच्या साखळ्या बांधतात. मी मात्रा वाढवली. वडी पिवळी झाली, दाबयंत्रावर आकडे सुरेख आले. मग तिच्यावर पेशी सोडल्या. एमटीटी चाचणीत जिवंत पेशी जांभळा रंग देतात; माझ्या तबकात तो जवळपास उमटलाच नाही. वडीत उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड त्यांना विष ठरलं होतं.

आता मी गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन वापरतो. वडी गडद निळी होते. दाबयंत्रावर ती त्या पिवळीपेक्षा कच्ची भरते, पण सातव्या दिवशी तिच्यावर पेशी वाढत होत्या.