कोपऱ्यातला टब

घर बांधणारा माणूस दिवाणखान्यात पाहुण्यांसाठी खर्च करतो, देवघरात देवासाठी करतो, आणि न्हाणीघरापाशी पोचेपर्यंत त्याचे पैसे संपतात. वास्तविक आत शिरून, कडी लावून, कुणालाही उत्तर न देता बसता येते अशी घरातली ती एकच जागा. म्हणून नव्या घराच्या नकाशात आमच्या सौभाग्यवतींनी न्हाणीघराच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक पाव वर्तुळ काढून 'इथे टब' असे लिहिले, तेव्हा मी दचकलो, पण हसलो नाही.

"हाई काय शे रे?" आईने विचारले. तिचा जन्म बंब आणि घंगाळ यांच्यात गेलेला. पाण्यात पाय पसरून पडायचे हे ऐकल्यावर तिला गावची म्हैसच आठवली.

कोपऱ्यातला टब दुकानात फार गरीब दिसतो. दोन भिंतींना पाठ लावून अंग चोरून बसलेला. पण त्याच्या दोन्ही बाजू पाच-पाच फुटांच्या असतात आणि पोटात तीनशेएक लिटर पाणी मावते. मी पडलो बँकेतला कारकून. वीस लिटरच्या बादलीने भागले, उत्तर पंधरा बादल्या आले. बादलीभर पाण्यात अंघोळ उरकणाऱ्या घरात एका डुंबण्यात पंधरा अंघोळी खर्ची पडणार! शिवाय लिटरला किलो या हिशेबाने तीन क्विंटल वजन, वर मालक वेगळा. आमच्या जळगावात क्विंटलने कापूस मोजतात. अंघोळ अजून कुणी मोजलेली नाही.

गीझर पंचवीस लिटरचा. त्याचे शेवटचे पाणी तापेपर्यंत पहिले गार होणार. मे महिन्यात मात्र ही अडचण नाही. पारा पंचेचाळिसाकडे सरकला की गच्चीवरच्या टाकीतून फुकट कढत पाणी येते, आणि गार पाण्याची अंघोळ हवी असेल तर बादली रात्रीच भरून ठेवावी लागते. म्हणजे जळगावात टब घ्यायचा तो तापवण्यासाठी नव्हे, निववण्यासाठी.

दुकानदाराने दोन गोष्टी कामाच्या सांगितल्या. दाराची चौकट बसवण्याआधी टब आत न्यावा, आणि त्याच्या खालच्या नळीपर्यंत हात पोचेल अशी झडप ठेवावी. नाहीतर एक थेंब गळला तरी फरशी फोडावी लागते. पाणी कुठून आणायचे, हे मात्र त्याने सांगितले नाही.

ते सांगितले बुऱ्हाणपूरने. आज मध्य प्रदेशात असलेले हे गाव एकेकाळी खानदेशची राजधानी. तिथे तापीकाठच्या शाही किल्ल्यात मोगलांचा हमाम आहे, छतावर रंगीत नक्षी आहे. बघायला जाणारे नक्षी बघून परततात. पण १६१५च्या सुमारास त्याच गावात डोंगराकडचे झिरपते पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, नुसत्या उताराने आणण्याची सोय झाली. तोच कुंडी भंडारा. बादशहासुद्धा आधी पाणी बघतो, मग नक्षी. आणि आमचा नळ तर रोज येतही नाही. शहराचे पाणी वाघूर धरणातून येते खरे, पण धरणापासून आमच्या टाकीपर्यंत वाटेत बरीच माणसे राहतात.

हे सगळे मी घरी व्यवस्थित आकडे मांडून सांगितले. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, वीस वर्षं मी नळाची वाट पाहिली. रात्री दोनला उठले, पहाटे चारला उठले. एक दिवस पाण्यानं माझी वाट पाहू दे की!"

या रकमेला माझ्या खातेवहीत सदर नव्हते.

मग तडजोड झाली. पाच फुटी टब रद्द. चार फुटी, बसका, दोनशे लिटरचा मंजूर. पंधरवड्यातून एकदा, नळ येऊन टाकी वाहू लागली की भरायचा. आत साबण वर्ज्य. आणि सोडलेले पाणी गटारात न जाता पाइपाने परसात जाईल. तिथे आमची आठ केळी आहेत. उन्हाळ्यात ठिबकवर केळीच्या एका झाडाला दिवसाला साधारण वीस-पंचवीस लिटर लागतात. दोनशे भागिले आठ, बरोबर पंचवीस!

आईचा विरोध केळीपाशी मावळला. पाणी वाया जात नाही म्हटल्यावर सून त्यात कितीही वेळ बसो, तिची हरकत नव्हती.

आता पंधरवड्यातून एकदा तासभर न्हाणीघराची कडी आतून लागलेली असते. कुणी हाक मारत नाही. हिशेब जुळला आहे: नावे दोनशे लिटर, जमा आठ केळी आणि एक माणूस.